पुसदचे गवत आणि बापूजी अणे

वाशीम जिल्ह्याच्या जुन्या नकाशात पुसद तालुका आढळतो. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. याच पुसदच्या राखीव जंगलात १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापले आणि त्यांच्यावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला.

चोरी, पण कोणाच्या मालमत्तेची? वऱ्हाडात या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते. कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचे; राज्य इंग्रजांचे, तेही १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्याने दिल्लीचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी सरकारचा वेगळा हुकूम निघे. वणीला १८८० मध्ये जन्मलेले, यवतमाळला वकिली करणारे अणे मतदारांच्या कौलाने मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, तरी नियमाप्रमाणे ते सरकारनियुक्त सभासदच ठरत. लोकांनी निवडायचे आणि सरकारने नेमायचे, असा हा चमत्कारिक प्रकार! पट्टेदाराने रानाला कुंपण घालावे आणि ज्यांची गुरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरली त्यांना चोर म्हणावे, यातील विसंगती वकिलाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या समितीचे सभासद म्हणून मूलभूत हक्कांच्या मसुद्यात त्यांचाही वाटा होता. हक्काची चर्चा एवढ्यावर न थांबवता त्यांनी ती विळ्याच्या पात्यापर्यंत नेली आणि कारावास पत्करला.

हेच अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, याचे अनेकांना वाईट वाटले, आणि ते अकारण नव्हते. तथापि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी ते पद सोडले. अधिकारपदाला चिकटून राहणाऱ्यांत त्यांची गणना करता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद भूषवून झाल्यावरही वऱ्हाडचा प्रश्न त्यांना सुटलेला वाटला नाही. १९५९ मध्ये नागपूरहून लोकसभेवर निवडून आलेल्या या वृद्धाने स्वतंत्र विदर्भाची मागणी लावून धरली. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ती तशीच पडून होती.