काका बॅप्टिस्टा : मुलांना सांगावे असे एक चरित्र

मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणते. तरी मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा मनात घर करून बसलेली एक गोष्टच सांगावी असे ठरविले.

आपल्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू घरे आहेत. त्यांतली पुष्कळशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. माझ्या शेजारीही असेच एक कुटुंब राहते. त्यांच्याकडचा बॉटल मसाला माझ्या स्वयंपाकघरात येतो, माझे दिवाळीचे ताट त्यांच्याकडे जाते. एवढा घरोबा असूनही गेल्या वर्षी माझ्या सहावीतल्या मुलाने त्यांच्या मुलीला खेळता खेळता विचारले, की तुम्ही मूळचे पोर्तुगालचे ना? पोर रडत घरी गेली. मला फार शरम वाटली. मुलाला रागे भरावयास गेले, पण खरे उत्तर मला तरी कोठे ठाऊक होते?

मग मी त्या मुलीच्या आजीकडे जाऊन बसले. त्यांनी सांगितले ते असे. वसई, साष्टी, मुंबई या भागांतले कोळी, कुणबी, भंडारी असे आपल्यातलेच लोक पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. त्यांची बोली मराठीच राहिली, बायकांचे लुगडे राहिले, लग्नाआधी उंबराचे पाणी आणण्याची चालही राहिली. पुढे गोवा व मंगळूर येथून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईस येऊ लागले, तेव्हा आपण येथलेच, हे वेगळे कळावे म्हणून 1887 साली त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. जे मूळचे येथलेच, त्यांच्या नातीला आपण कोठून आलात असे विचारावे, याहून अज्ञान ते कोणते!

आजींनीच मला काका बॅप्टिस्टांचे नाव सांगितले. जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकून त्यांनी जंगलखात्यात नोकरी केली. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. ते विलायतेस गेले, केंब्रिजची पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन परत आले. एवढा शिकलेला माणूस साहेबी थाटात सुखाने राहू शकला असता. त्यांनी मात्र लोकमान्य टिळकांची बाजू धरली. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते टिळकांचे कायद्याचे सल्लागार होते. सरकारची नाराजी ओढवेल, हे काय त्यांना कळत नव्हते?

आयर्लंडच्या लोकांनी स्वराज्यासाठी चालविलेली चळवळ त्यांनी अभ्यासिली होती. 1916 साली बेळगावास टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतः न घेता बॅप्टिस्टांकडे सोपविले. पुढे विलायतेस जाऊन त्यांनी तेथील मजूर पक्षाच्या लोकांपुढे आपल्या देशाचे गाऱ्हाणे मांडले. 1920 साली मुंबईत देशभरच्या कामगार संघटनांची आयटक ही संस्था निघाली, तिच्या उभारणीतही ते पुढे होते. 1925 साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. एवढे मोठे पद मिळाले तरी लोकांच्या तोंडी ते काकाच राहिले. 1930 साली त्यांचे देहावसान झाले. माझगावच्या टेकडीवरील बागेस त्यांचे नाव आहे.

भगिनींनो, आपल्या गिरगावात टिळकांचे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे, गणेशोत्सवाची परंपरा आहे. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा आपला शेजारी मात्र आपण विसरलो.

दिवाळीच्या सुट्टीत वाडीतली सहावी-सातवीची मुले मी ओट्यावर बसविली आणि हे चरित्र सांगितले. शेजारची मुलगीही होती. आरंभी ती खाली मान घालून बसली होती. महापौरपदाची गोष्ट आली तेव्हा तिने मान वर केली आणि आजीकडून ऐकलेल्या दोन गोष्टी स्वतःच सांगितल्या. माझ्या मुलाने कोणी न सांगता तिची माफी मागितली. नंतरच्या रविवारी आम्ही सगळी माझगावची ती बाग पाहून आलो.

या वयाची मुले ऐकतात ते मनात धरतात. चांगले तसे वाईटही. आपल्या माणसांचा इतिहास ठाऊक असला म्हणजे मूल ताठ उभे राहते, आणि शेजाऱ्याचा ठाऊक असला म्हणजे त्याची जीभ आवरते. म्हणून मंडळास माझी विनंती आहे. दर वर्षी एक दुपार मुलांसाठी ठेवावी, आणि वाडीतल्या प्रत्येक घराने आपापल्या माणसांची कहाणी सांगावी. पहिली दुपार आजींना द्यावी. चहापोह्यांचे मी पाहीन.