कवळाण्याचा गोपाळ आणि त्याचे इंग्रजी

पालकसभा झाली की एक प्रश्न हमखास येतो. मराठी शाळेत घातले तर आमच्या मुलाचे इंग्रजी कच्चे राहणार नाही ना? विचारणाऱ्यांत याच शाळेत शिकून गेलेले पालकही असतात. पहिलीच्या वर्गातली पटसंख्या पाहिली की विश्वस्तांना आणि आम्हा शिक्षकांनाही तो प्रश्न टाळता येत नाही. म्हणून या अंकासाठी सयाजीराव महाराजांवर लिहायचे ठरले तेव्हा राजवाडे, बागा, तलाव हे सारे बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या इंग्रजीकडेच पाहायचे ठरवले. बडोद्यात वाढलेल्या आपल्या प्रत्येक मुलाला काळा घोडा ठाऊक असतो. त्या घोड्यावर बसलेल्या माणसाला वयाच्या बाराव्या वर्षी वाचता येत नव्हते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या खेड्यात झाला. नाव गोपाळ, वडील काशीराव. आडनाव गायकवाड असले तरी घर शेतकऱ्याचे होते आणि बडोद्याची गादी त्यांच्यापासून फार लांब होती.

१८७५ साली बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. चौकशीसाठी आयोग बसला. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आणावे लागले. आयोगातल्या सभासदांचे एकमत झाले नाही, तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढण्यात आले. एवढे मोठे मराठी संस्थान, पण त्याचे नशीब ज्या कागदांवर लिहिले गेले ते कागद इंग्रजीत होते. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे वाचा.

खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या शाखांतून मुलांचा शोध झाला आणि २७ मे १८७५ रोजी गोपाळ दत्तक जाऊन सयाजीराव झाला. शेतात वावरणारा मुलगा राजवाड्यात आला आणि त्याच्यापुढे पाटी ठेवली गेली.

त्या वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट हे इंग्रज सनदी अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल, आणि त्यात घोडेस्वारी व कुस्ती. सोबतीला धाकटे बंधू संपतराव आणि नात्यातली काही मुले होती. एलियटसाहेबांचे आपल्या शिष्याविषयीचे पहिले मत चांगले नव्हते. हा मुलगा मंद दिसतो आणि आहेही, असेच त्यांना वाटले होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. ज्या वयात इतर राजपुत्र इंग्रजी पुस्तके वाचत, त्या वयात सयाजीराव मुळाक्षरे गिरवीत होते. चार लिपी आणि चार भाषा एकदम अंगावर आल्या तर कोणीही बुजून जाईल. सहा वर्षे हा अभ्यास चालला. मात्र या सगळ्यात आपली मराठी बाजूला ठेवून इंग्रजी शिकविले गेले नाही, इकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१८८१ साली दिवाण सर टी. माधवराव यांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती इंग्रजीत होती आणि पुढे पुस्तकरूपाने छापलीही गेली. माधवराव हे तंजावरकडचे मराठी. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. दोघेही मराठी बोलणारे, तरी प्रजेचे सुख, कायदा, खर्च, न्याय हे विषय गुरूने शिष्याला इंग्रजीतून सांगितले आणि सहा वर्षांपूर्वी निरक्षर असलेल्या शिष्याला ते समजले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सयाजीरावांच्या हाती कारभाराची पूर्ण सूत्रे आली. तेव्हा त्यांचे वय अठरा होते.

पुढे त्यांचे वाचन थांबले नाही. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अवाढव्य इतिहास त्यांनी टिपणे काढत वाचला आणि ती टिपणे १८९६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या परदेश प्रवासावर बंधने घालणारे परिपत्रक काढले. महाराज तर प्रकृतीसाठी आणि अभ्यासासाठी १८८७ पासून युरोपला जात होते. १९०१ साली लंडनच्या एका वजनदार मासिकात त्यांचा लेख आला. आपण युरोपात काय करतो आणि हिंदुस्थानात आपली दिनचर्या काय असते, हे त्यांनी त्यात इंग्रजी वाचकांनाच सांगितले. मल्हाररावांच्या वेळी जी भाषा संस्थानावर चालून आली होती, तिच्यातच आता बडोद्याचा राजा स्वतःची बाजू मांडू लागला होता.

इथे दुसऱ्या एका माणसाची आठवण येते. महाराजांनी लंडनमध्ये एका बंगाली तरुणाला आपल्या नोकरीत घेतले. ते अरविंद घोष. सातव्या वर्षीच त्यांना विलायतेला पाठविले होते आणि मुलांवर इंग्रजीचाच संस्कार व्हावा असा वडिलांचा कटाक्ष होता. बडोद्यात ते कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवीत, महाराजांच्या इंग्रजी लेखनाच्या कामीही येत. पण स्वतःची बंगाली नीट शिकण्यासाठी त्यांना बडोद्यात दीनेंद्रकुमार रॉय यांना शिक्षक म्हणून ठेवावे लागले. विशी उलटल्यावर. एकाच गावात, एकाच काळात हे दोघे होते, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

आता महाराजांनी या इंग्रजीचे पुढे केले काय, ते पाहू. आमच्या मते त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींसाठीसुद्धा. हे शिक्षण मुलांच्या भाषेत होते. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषेतून शिकवावेत, असा आग्रह धरला गेला. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला १९१० साली बोलावून घेतले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्या, आणि गावाने वर्गणी जमवली तर तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच सरकारने घालायची ही पद्धत, हे सारे त्यातून उभे राहिले. पण गावातल्या वाचकाच्या हाती द्यायला त्याच्या भाषेत पुस्तके हवीत. त्यासाठी दोन लाख रुपये बाजूला काढून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बाल ज्ञानमाला सुरू झाली. तिच्यात मराठी आणि गुजरातीत पुष्कळ पुस्तके निघाली, अनेक इंग्रजीवरून घेतलेली. ज्याला स्वतःला इंग्रजी येत होते त्याने, ज्यांना येत नव्हते त्यांच्यासाठी हा खर्च केला.

इंग्रजी उच्च शिक्षणाकडे त्यांनी पाठ फिरवली असे मात्र कोणी समजू नये. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. शाळेत आपल्या भाषेत शिकलेल्या हुशार मुलाला पुढे इंग्रजीचे दार उघडे असलेच पाहिजे आणि पैशावाचून ते बंद होऊ नये, हे त्यांनी कृतीने दाखविले. या बाबतीत आमची शाळा कुठे कमी पडते याचा विचार आम्हीही केला पाहिजे. इंग्रजीचा तास व्याकरणाच्या फळ्यावरच संपतो आणि मुलांना बोलायला, वाचायला मिळत नाही, ही पालकांची तक्रार खोटी नाही.

म्हातारपणी महाराजांनी आणखी एक काम करवून घेतले. कचेरीत आणि न्यायालयात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द देणारा सयाजी शासन शब्दकल्पतरु हा कोश १९३१ साली निघाला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषा त्यात शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीराव महाराजांना देण्यात आले. त्या सुमारास गोलमेज परिषदेसाठी त्यांच्या लंडनच्या फेऱ्याही चालू होत्या. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.