टोयोटाच्या नावातले किर्लोस्कर आपल्या बेळगावचे

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे कारापूर-तिस्कावर येणाऱ्या गाड्यांत इनोव्हा हमखास दिसते. ती बनवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव टोयोटा किर्लोस्कर मोटर. स्थापना १९९७ ची, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. त्यात मोठा वाटा जपान्यांचा, किर्लोस्करांचा लहान. पण नावातला दुसरा शब्द सुरू झाला तो बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. आडनाव मात्र मालवणकडच्या किर्लोस गावावरून आलेलं. वडील वेदान्ती, मुलाला नाद चित्रांचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे बढतीत डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावलाच आले. आज शहरात किर्लोस्कर रोड आहे, तो याच घराण्याच्या नावाचा.

साधारण त्याच काळात जपानात साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा हातमाग सुधारत बसला होता. त्याच्या मागाच्या कारखान्यातूनच मुलगा कीइचिरोनं पुढं मोटारी काढल्या. दोन्ही घराण्यांची पहिली भागीदारीसुद्धा कापडाच्या यंत्रांचीच, १९९५ ची. मोटार नंतर आली.

लक्ष्मणरावांनी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. एखादा असता तर दुकान आवरून पुन्हा नोकरी धरली असती.

जम बसतोय तोच नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. बेळगावनं त्या दिवशी काय घालवलं, याचा हिशेब तेव्हा कुणी केला नसावा. मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजारांचं कर्ज त्यांनी दिलं. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता वाडीत येऊ दिली नाही. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्यांनाही कामावर घेतलं, एवढंच नव्हे तर राखणीची जबाबदारी अशाच माणसावर टाकली. शेजारपाजारच्यांना हा वेडेपणाच वाटला असेल.

१९२० मध्ये मर्यादित कंपनी झाली. पंप आले, हरिहरला लेथचा कारखाना आला, पुण्यात ऑइल इंजिनं. हा पसारा मुलगा शंतनुरावांनी वाढवला. टोयोटाशी हात मिळवणारे विक्रम किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पणतू.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. गुर्लहोसूर आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली.