माणसाच्या मापाचे घर : आल्व्हार आल्टो

आपण घराकडे सहसा उभे राहून पाहतो. दर्शनी भाग कसा आहे, खोल्या किती आहेत, एवढ्यावरच त्याची किंमत ठरवतो. पण आजारी पडून आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेच घर निराळे दिसते. थेट डोळ्यांवर येणारा दिवा, पांढऱ्या छताची तिरीप, नळाचा टपटप आवाज, अंगावर येणारा गार वारा या गोष्टी त्याला छळू लागतात. फिनलंडचा थोर वास्तुशिल्पज्ञ आल्व्हार आल्टो याने इमारतीचा विचार या अंथरुणावरून केला. त्याच्या मोठेपणाचे बीज येथेच आहे.

आल्टोचा जन्म ३ फेब्रुवारी १८९८ रोजी कुओर्ताने या गावी झाला. वडील जमीन मोजणीचे काम करीत. घरात त्यांचे एक भले मोठे टेबल होते. त्यावर जंगलांचे, तळ्यांचे नकाशे पसरलेले असत आणि लहानगा आल्व्हार त्या टेबलाखाली खेळे. जमिनीचे चढउतार वाचण्याची सवय त्याला अशी बालपणीच लागली. १९०६ साली आई वारली. पुढे हेलसिंकीच्या तंत्रविद्यालयातून तो १९२१ मध्ये पदवीधर झाला आणि दोन वर्षांनी युव्हास्क्युला येथे त्याने स्वतःचे कार्यालय उघडले. १९२४ मध्ये त्याने आयनो मार्सिओ हिच्याशी विवाह केला. आयनो त्याच्याहून चार वर्षांनी वडील आणि स्वतः शिकलेली वास्तुशिल्पज्ञ होती. पुढील पंचवीस वर्षांचे काम दोघांचे आहे. जगाने नाव मात्र बहुधा एकट्या आल्व्हारचे घेतले.

१९२९ मध्ये पाइमिओ येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाची स्पर्धा त्याने जिंकली. त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती हेच उपचार होते. तेव्हा इमारत हीच औषध व्हायला हवी, असे आल्टोने मानले. रोग्याची नजर दिवसभर छताकडे असते म्हणून छताला शांत गडद रंग दिला. दिवा नजरेआड ठेवला. उष्णतेचा झोत डोक्याकडे न येता पायांकडे जाईल अशी योजना केली. खोलीत दोघे रोगी राहत, म्हणून एकाने हात धुताना दुसऱ्याची झोप मोडू नये यासाठी पाणी तिरके पडून आवाज न करणारे बेसिन तयार केले. वाकवलेल्या लाकडाची जी खुर्ची तेथे घडली, तिच्यात रेलून बसले की श्वास घेणे सोपे जाई. १९३३ साली ही वास्तू पूर्ण झाली आणि आल्टोचे नाव युरोपभर पसरले.

त्या पिढीतील अनेक नामवंत घराकडे यंत्र म्हणून पाहत होते. आल्टोलाही नव्या तंत्राचे वावडे नव्हते. पण यंत्राने माणसाच्या शरीराशी आणि मनाशी जुळवून घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. प्रकाशाबाबत तर तो फार काटेकोर होता. हेलसिंकीत डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आपल्याकडे पडवी आणि ओटी उन्हाला अडवतात. तेथे उजेडाचा कण न् कण जपावा लागतो. १९३५ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हीपुरीच्या ग्रंथालयाच्या छताला त्याने ५७ गोल, खोल झरोके ठेवले. त्यांतून ऊन थेट खाली न येता भिंतींवर आपटून मऊ होऊन उतरते आणि वाचणाऱ्याच्या पानावर सावली पडत नाही.

१९३६ मध्ये आल्टो दांपत्याने हेलसिंकीजवळ मुंक्किनिएमी येथे स्वतःचे घर बांधले. रस्त्याकडे ते मिटलेले आणि साधे, तर बागेकडे मोकळे. राहणे आणि काम एकाच छपराखाली. पुढे मायरे व हॅरी गुलिक्सन या धनिक दांपत्याने नूरमार्कू येथील आपल्या घरासाठी त्यांना प्रयोगाची पूर्ण मोकळीक दिली. त्यातून १९३९ मध्ये विला मायरेआ उभी राहिली. घराभोवती पाइनचे जंगल आहे. जिन्याला लाकडी दांड्यांची दाटी, काही खांबांना वेताचा वेढा, बाहेर गवताचे छप्पर ल्यालेले स्नानगृह. जंगल कोठे संपले आणि घर कोठे सुरू झाले हे चटकन कळत नाही.

पण येथे एक प्रश्न उभा राहतो. असे घर श्रीमंतालाच मिळायचे काय? आल्टोलाही तो टोचत असावा. त्याच सुमारास काउत्तुआ येथे कारखान्यातील लोकांसाठी त्याने टेकडीच्या उतारावर पायऱ्यांसारखी घरे रचली. सामाईक जिना नाही. प्रत्येक मजल्यावर उतारावरूनच शिरता येते आणि खालच्याचे छप्पर वरच्याचे अंगण होते. जमीन सपाट केली असती, तर हे अंगण कोणालाच लाभले नसते. युद्धात कारेलिया गमावल्यावर चार लाखांहून अधिक फिनिश लोक बेघर झाले. तेव्हा कारखान्यात बनणाऱ्या घरांच्या योजनांत त्याने लक्ष घातले. सुटे भाग एकसारखे असले तरी घरे एकसारखी असू नयेत, निसर्गात एकाच प्रकारच्या पेशींतून नाना आकार घडतात तसे व्हावे, ही त्याची दृष्टी होती. ती पुरती साध्य झाली नाही.

१९४९ च्या जानेवारीत आयनो वारली. आल्टो खचला. १९५२ मध्ये एलिसा मॅकिनिएमी या तरुण सहकारी वास्तुशिल्पज्ञेशी त्याने विवाह केला आणि मुराट्सालो बेटावर तळ्याकाठी उन्हाळी घर बांधले. त्याच्या चौकाच्या भिंतींत सुमारे पन्नास चौकटी करून नाना तऱ्हेच्या विटांची पारख केली. पन्नाशी उलटलेला नामवंत माणूस पुन्हा विद्यार्थी झाला!

पुढे मानसन्मान आले आणि टीकाही आली. तरुण फिनिश पिढीला तो फार व्यक्तिवादी वाटू लागला. १९७१ मध्ये पुऱ्या झालेल्या फिनलंडिया सभागृहाचा पातळ इटालियन संगमरवर तेथील हवामानात वाकला व बदलावा लागला. ज्याने आयुष्यभर हवामानाचे ऐकले, त्याचीही येथे चूक झाली. ११ मे १९७६ रोजी हेलसिंकीत त्याचे निधन झाले.

व्हीपुरी शहर युद्धानंतर सोव्हिएत संघात गेले आणि आज व्हिबोर्ग नावाने रशियात आहे. सीमा बदलली, ग्रंथालयाची बरीच पडझड झाली. पण फिन व रशियन जाणकारांनी मिळून काम केले आणि २०१३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. त्या झरोक्यांखाली आज दुसऱ्याच भाषेची पुस्तके वाचली जातात, आणि पानावर सावली अजूनही पडत नाही.