तराजूचा उपासक: लव्हाझिए
अंत्वान लव्हाझिए यांचा जन्म पॅरिसमध्ये २६ ऑगस्ट १७४३ रोजी झाला. शिक्षण कायद्याचे, ओढ मात्र तराजूची. १७८९ च्या ग्रंथात त्यांनी साखर आंबण्याच्या क्रियेचा चक्क जमाखर्च मांडला: क्रियेपूर्वीचे वजन आणि नंतरचे वजन समान. संतुलित समीकरणाचा पाया तोच. ४६ ग्रॅम अल्कोहोल हवे, तर ९० ग्रॅम ग्लुकोज लागते. उरलेले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. प्रयोगांचा खर्च भागे तो करवसुलीच्या मक्त्यातील भागीदारीतून. राज्यक्रांतीला हीच भागीदारी खुपली. ८ मे १७९४ रोजी सासऱ्यांसह त्यांचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पत्नी मारी-आन यांनी जप्त झालेली उपकरणे व टिपणवह्या पुढे परत मिळवल्या.