नाव मोठं, औषध कच्चं
रॉबर्ट कॉक म्हणजे १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधणारे शास्त्रज्ञ, एवढं आपल्याला माहीत असतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी क्षय रोखणारं द्रव्य सापडल्याचं जाहीर केलं. आधार होता गिनिपिगवरच्या प्रयोगांचा. औषधात काय आहे, हेही गुपित! पण शब्द कॉक यांचा. मग काय, रुग्णांनी बर्लिन गाठलं, डॉक्टर धडाधड इंजेक्शनं देऊ लागले. अनेकजण दगावले. रुडॉल्फ विर्चो यांनी शवविच्छेदनातून दाखवलं, की काहींमध्ये रोग उलट पसरलाय. १८९१ मध्ये कॉक यांनी गुपित उघड केलं: टीबीच्याच जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क. हे ट्युबरक्युलिन पुढे टीबीच्या चाचणीत कामी आलं. घाई सगळ्यांनीच केली, पण भरवसा ज्यांच्या नावावर होता, पहिली जबाबदारी त्यांचीच.