ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या बाई

‘बालवाडी’ हा शब्द आपल्या खानापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कणकुंबी असो, नंदगड असो की लोंढा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो आहे. ज्या बाईंनी तो मराठीत रूढ केला, त्यांचे नाव मात्र आजच्या आईवडिलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आपण संत, शाहीर आणि लढवय्ये यांची चरित्रे मुलांना आवर्जून सांगतो, ते योग्यच आहे. पण चार वर्षांच्या मुलाच्या हातात मातीचा गोळा देणे हेसुद्धा आयुष्य वाहून घेण्याजोगे काम आहे, असे मानणारी एक बाई आपल्या भाषेत होऊन गेली. सुट्टी लागली की ‘मुलांना घरी काय करायला द्यावे?’ हा प्रश्न मंडळाच्या सभासदांकडून हमखास येतो. त्याचे बरेचसे उत्तर ताराबाईंच्या चरित्रातच सापडते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणातले. त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया किती थोड्या असतील, याची कल्पना आपल्याच घराण्याची वंशावळ काढून पाहिली तरी येईल. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र टिकला नाही. १९२१ साली दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी, हातात पदवी आणि समोर सगळा रिकामा रस्ता. घटस्फोट हा शब्दही लोक दबक्या आवाजात उच्चारत, असे ते दिवस होते. रत्नाकर मतकरींचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक याच आयुष्यावर बेतलेले आहे. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची होती. तिथेच आयुष्य काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण भावनगरला गिजूभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले आहेत, हे त्यांच्या कानावर आले. दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर १९२० साली सुरू झाले होते. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि मुलीला घेऊन त्या भावनगरला गेल्या.

गिजूभाईंनी डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत वाचून आत्मसात केली होती. माँटेसरी मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मुलाला शिकवायचे नाही, त्याच्या हाताला योग्य साधन द्यायचे आणि बाजूला व्हायचे, हे त्यांचे सूत्र. मुलाच्या हातांवर आणि डोळ्यांवर एवढा विश्वास टाकणारे शिक्षण आपल्याकडे तेव्हा नवेच होते; छडी आणि पाढे हाच रिवाज. मात्र माँटेसरींना लहान मुलांसाठी परीकथा आणि कल्पनेचे खेळ फारसे पसंत नव्हते. भावनगरच्या मंडळींनी इथे आपली वाट वेगळी केली. गोष्ट, गाणे, नाच, चित्र, मातीकाम आणि नाटक यांना बालमंदिरात मानाचे पान मिळाले. नाटकातही संवाद पाठ करून घ्यायचे नाहीत. गोष्ट ऐकायची आणि मुलांनी आपापल्या शब्दांत ती उभी करायची. आजही स्नेहसंमेलनात तीन-चार वर्षांच्या मुलांकडून पाठांतर करून घेऊन त्यांना रडवले जाते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे हे बालमंदिर आपल्यापुढे बरेच गेलेले होते असे वाटते.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. आधी गुजरातीत, नंतर ताराबाईंनी मराठीत आणि हिंदीतही तिचे काम पाहिले. मराठी मुलखातल्या पालकांपर्यंत हा विचार त्यांच्याच लेखणीने पोचवला. १९३२ मध्ये त्यांनी भावनगर सोडले आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शिशुविहार नावारूपाला आले, तसा एक सल त्यांच्या मनात वाढत गेला. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे सुखवस्तू घरांत अडकून पडली होती. माँटेसरीची साधने महाग. गुलाबी मनोऱ्याचे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे अगदी मापात, घोटून, रंगवून करावे लागतात. खेड्यातल्या शाळेने ते कुठून आणावेत?

ताराबाईंच्या आयुष्यातला सर्वात मोठा टप्पा या प्रश्नातून सुरू झाला, आणि तोही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. बरोबर होत्या तरुण अनुताई वाघ. दोघींनी बालवाडी मांडली. पण आदिवासी आणि गरीब वस्तीतली मुले येईनात. का येईनात, याचा शोध घेतला तर कारणे साधी निघाली. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे, आणि अंगावर धड कपडे नाहीत म्हणून संकोच. आपल्याकडच्या एखाद्या संस्थेने अशा वेळी पालकांची सभा बोलावून त्यांनाच चार शब्द सुनावले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या पाड्यावर नेली. झाडाखाली किंवा कोणाच्या अंगणात जागा झाडायची, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, आणि मग खेळ, गाणी व हातकाम. ही अंगण-बालवाडी. पुढे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरत आहेत तिथेच शाळा. जंगलकडेच्या आपल्या वाड्यावस्त्यांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. बिया, शिंपले, गोटे, पाने, फुले, बांबूचे तुकडे, माती, पिसे. लहानमोठे ओळखायला ठोकळेच हवेत असे नाही, ओढ्यातले गोटे चालतात. रंग ओळखायला फुले आहेत. ओवायला बिया आहेत. मोजायलाही त्याच. पैसे नसल्यामुळे काढलेली ही तडजोड नव्हती. मुलाच्या रोजच्या ओळखीची वस्तू त्याच्या हातात अधिक बोलते, हे ताराबाईंना कळले होते. माझ्या मते सगळ्या चरित्रात आपल्या घरांच्या सर्वात उपयोगाचे तेवढेच आहे.

कारण बोर्डीला जे मुद्दाम गोळा करावे लागे, ते आपल्या परसात पडलेले असते. खानापूर तर मातीचेच गाव. इथली कौले आणि मडकी लांबवर जातात, कुंभारकाम शिकवणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्था इथे आहे. तरीही आपली मुले मात्र शहरातून आणलेली प्लास्टिकच्या डब्यातली रंगीत माती मळत बसतात. कुंभाराकडून ओंजळभर मळलेली माती आणावी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. दोन-तीन दिवस सहज पुरते. बेंदराला बैल आणि चवथीला गणपती मुलांनीच करावा. बैलाचे शिंग पडले तर पडू द्यावे. आपण ते नीट करून दिले की बैल आपला होतो, मुलाचा राहत नाही.

मलप्रभेच्या काठचे गोल गोटे धुऊन त्यांवर गेरूने किंवा खडूने डोळे काढले की त्यांचे बेडूक आणि कासवे होतात. आंबा, फणस, वड आणि पिंपळ यांच्या पानांना मागच्या बाजूने, जिथे शिरा उठावदार असतात तिथे, रंग लावून जुन्या वर्तमानपत्रावर दाबावे. प्रत्येक झाडाची शिरांची जाळी वेगळी, हे मूल न सांगता शिकते. रंग विकतचेच हवेत असेही नाही. हळदीचे पाणी पिवळे; त्यात मोठ्यांनी थेंबभर चुन्याची निवळी घातली की ते लाल होते. हा चमत्कार पाहायला आजोबासुद्धा येऊन बसतात. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. कोकमाचे पाणी, बिटाचा रस आणि चुलीतला कोळसा मिळून रंगपेटी पुरी होते. चिंचोके आणि गजगे सोप्यावर मांडून त्यांची नक्षी करता येते. तीन वर्षांच्या आतले मूल घरात असेल तर बारीक बिया दूर ठेवाव्यात, कारण ते आधी तोंडात घालते, मग नाकात. आणि आपल्या भागासाठी आणखी एक सूचना: काजूची ओली बी आणि बिब्बा खेळायला देऊ नयेत, त्यांचा चीक कातडी भाजतो.

आपल्याकडे पावसाळा चार महिने दार अडवून बसतो. गोष्टीचे नाटक करण्याचे खरे दिवस तेच. आजीने गोष्ट सांगावी आणि मुलांनी ती सोप्यावर आपल्या बोलीत करावी. पांघरूण झाले की नदी, सूप झाले की होडी. शब्द चुकला तर थांबवू नये. दिवाळीचा किल्ला हा तर आपल्याकडचा सर्वात मोठा बालकला महोत्सव, आणि अलीकडे तो बापांनी बळकावला आहे. स्पर्धा आली, बक्षीस आले, तसे सिमेंट आणि थर्माकोलही आले. धाकट्यांच्या वाट्याला फक्त अळीव पेरणे उरते. ताराबाईंच्या पठडीत बक्षिसाला आणि शिक्षेला दोहोंनाही थारा नव्हता. मंडळाच्या किल्ला स्पर्धेत सहा वर्षांखालच्या मुलांना क्रमांक न देता नुसते बोलावता येईल का, याचा विचार कार्यकारिणीने जरूर करावा.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. आपला बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई राज्यातच होता. १९४९ साली इटलीत भरलेल्या माँटेसरी परिषदेला त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९५७ साली बोर्डीचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवले गेले. पासष्टाव्या वर्षी, जेव्हा माणसे पेन्शनीवर नातवंडे खेळवतात, तेव्हा त्या पुन्हा नव्याने जमीन झाडायला निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, अशी ‘विकासवाडी’ तिथे उभी राहिली. थोरल्या बहिणीला धाकट्यासाठी शाळा बुडवावी लागू नये, हा त्यामागचा साधा हिशेब. १९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि देशभरातल्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आपल्या तालुक्यातल्या गावोगावच्या अंगणवाड्या त्याच योजनेतल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, सांभाळले. त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मिळाल्यास घरातल्या मोठ्यांनी अवश्य वाचावे, आणि ते वाचत असताना पोरांना अंगणात मोकळे सोडावे.